नंबरचा चष्मा, काळा गॉगल आणि पाण्याची चकाकी

पहाटे अंधारात सुटलेली होडी जाळ्याच्या जागी पोहोचेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. पाणी चमकू लागते, डोळे आपोआप बारीक होतात आणि पन्नाशीच्या तांडेलापुढे रोजचाच पेच उभा राहतो. नंबरचा चष्मा नाकावर ठेवला तर दूरचा बोया, शेजारची होडी, जाळ्याची भेंडे स्पष्ट दिसतात, पण डोळे दिपतात. तो काढून बाजारातल्या टपरीवरून घेतलेला काळा गॉगल लावला तर डोळ्यांना गार वाटते, पण बोया आणि होडी दोन्ही धूसर होतात. नाक एक, चष्मे दोन. बहुतेक जण शेवटी काळा गॉगल लावतात आणि नंबरचा चष्मा डब्यात ठेवतात. काही जण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला काळा चष्माच वर्षानुवर्षे समुद्रावर नेतात. त्याला नंबर नसतो, तो चरे पडून गढूळ झालेला असतो आणि महिना-दोन महिन्यांपलीकडे वापरण्यासाठी तो दिलेलाही नसतो.

खाडीच्या कडेला गरवायला बसणारे, पाग टाकणारे, ओहोटीला खडकावर कालवे काढणाऱ्या बायका आणि रविवारी हौसेने गळ घेऊन निघणारे शहरी लोक यांचीही अडचण हीच आहे. गॉगल म्हणजे शौक, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की साठीच्या बाईने किनाऱ्यावर तो लावला तर माणसे हसतात. हा शौकाचा प्रश्न नाही. ज्यांचा दिवस पाण्यावर जातो, त्यांच्यासाठी तो डोळ्याच्या आरोग्याचा आणि अपघात टाळण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच गॉगल कोणता घ्यावा, याचे उत्तर दुकानदाराच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांचा हिशेब डोळा आयुष्यभर जमा करत असतो. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागरावर काम करणाऱ्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आयुष्यात किती तास पाण्यावर काढले, टोपी किंवा चष्मा वापरला का, हे विचारून त्याच्या डोळ्यांवर पडलेल्या अतिनील-बी किरणांचा अंदाज बांधण्यात आला. हा हिशेब दुप्पट झाला की मोतीबिंदूच्या एका प्रकाराचा, म्हणजे भिंगाच्या बाहेरच्या थरात होणाऱ्या मोतीबिंदूचा, धोका १.६ पट होतो, असे त्यातून दिसले. भिंगाच्या गाभ्यात होणाऱ्या मोतीबिंदूशी मात्र असा संबंध आढळला नाही. तेव्हा प्रत्येक मोतीबिंदू उन्हामुळेच होतो, असे कोणी म्हणू नये. वय हे त्याचे सर्वांत मोठे कारण आजही आहेच.

दुसरा आजार किनाऱ्यावर घरोघरी ओळखीचा आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून मांसाचा त्रिकोणी पडदा बुबुळावर सरकतो. कोणी त्याला वेल म्हणतात, कोणी मांस वाढले म्हणतात. तो बहुधा नाकाच्या बाजूनेच का वाढतो, याचे एक पटण्यासारखे स्पष्टीकरण आहे. कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या पारदर्शक घुमटातून वळतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. ही गोष्ट चष्मा निवडताना कामाची आहे. समोरची काच कितीही चांगली असली तरी बाजूने प्रकाश मोकळा येत असेल तर राखण अर्धवट राहते. म्हणून रुंद दांड्यांची, चेहऱ्याला जवळ बसणारी चौकट घ्यावी आणि डोक्यावर कड असलेली टोपी ठेवावी. ही टोपी स्वस्त आहे आणि डोळ्यांवर येणारा अतिनील किरणांचा मोठा हिस्सा ती एकटीच अडवते. वेल एकदा वाढली की चष्म्याने ती मागे जात नाही. डोळ्याची जळजळ मात्र कमी होते.

आता ‘पोलराइज्ड’ या शब्दाकडे येऊ. दुकानात तो सर्रास वापरला जातो आणि बहुतेक वेळा अर्धाच समजावला जातो. सूर्याच्या प्रकाशाची कंपने सर्व दिशांना असतात. हाच प्रकाश सपाट पाण्यावर आपटून परततो, तेव्हा त्यात आडवी कंपने जास्त उरतात. फ्रान्सच्या मालूस याला १८०८मध्ये एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशात हा गुण सापडला आणि पुढे १८१५मध्ये ब्रूस्टरने त्याचा नियम मांडला. पाण्यासाठी हा कोन सरळ उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांचा आहे. पोलराइज्ड काचेतला पडदा आडवी कंपने अडवतो आणि उभी सोडतो. त्यामुळे पाण्यावरची चकाकी विझते आणि पाण्याच्या आतले दिसू लागते.

या शोधाशी मुंबईचाही एक धागा जोडलेला आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे तेव्हाचे सर्वमान्य मत त्यांना पटले नव्हते. त्यांच्याजवळ निकोल नावाचा लहानसा स्फटिक होता. प्रकाशाची एका दिशेची कंपने तो गाळून टाकत असे. तो डोळ्याला लावून त्यांनी योग्य कोनातून पाण्याकडे पाहिले आणि पृष्ठभागावरून परतणारा आकाशाचा उजेड पुसून टाकला. तरीही समुद्र निळाच राहिला, उलट अधिक गडद दिसला. ‘नेचर’ला पाठवलेल्या त्या टिपणाखाली नर्कुंडा बोट आणि मुंबई बंदर असा पत्ता होता. आज मच्छीमाराच्या नाकावर बसणारा पोलराइज्ड गॉगल तत्त्वतः रामन यांच्या खिशातल्या त्या स्फटिकाचेच काम करतो.

पण या कामाला मर्यादा आहेत आणि त्या कळल्या नाहीत तर पैसे वाया जातात. डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील तर हा ५३ अंशांचा कोन पावलांपासून साधारण पावणेतीन मीटर पुढे पडतो. तिथे आणि त्याच्या आगेमागे चकाकी सर्वांत चांगली विझते. अगदी पायाखालच्या पाण्यात किंवा क्षितिजाजवळ परिणाम कमी होतो. भर दुपारी डोक्यावरच्या सूर्याचे प्रतिबिंब होडीच्या कडेशी खाली दिसते, तेही फारसे विझत नाही. मान कलती केली तरी परिणाम उतरतो. म्हणजे खडकावर बसून गरवणाऱ्याला, उथळ पाण्यात पाग टाकणाऱ्याला याचा जितका फायदा होतो, तितका खोल समुद्रात सुकाणूवर उभ्या असलेल्याला होईलच असे नाही. शिवाय काही चकाकी कामाचीही असते. ओल्या शेवाळी खडकाचा लकाकता भाग पाय घसरण्याची सूचना देतो, आणि या काचेतून तो मंद दिसतो. ज्यांची नजर पाण्याच्या वरच्या थरथरीवरून मासळी हेरण्यात मुरलेली आहे, त्यांना सुरुवातीचे काही दिवस हा गॉगल अडचणीचा वाटू शकतो. तसे वाटले तर त्यांचे काही चुकत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज असा की पोलराइज्ड म्हणजे डोळ्यांना सुरक्षित. चकाकी अडवणे आणि अतिनील किरणे अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. काचेचा काळेपणा हे तिसरेच प्रकरण आहे. नुसती काळी काच अतिनील किरणे अडवत नसेल तर ती उघड्या डोळ्यापेक्षा वाईट ठरू शकते. अंधारामुळे बाहुली मोठी होते, डोळे मिचकावणे थांबते आणि किरणांना आत जायला वाट रुंद होते. उलट, पॉलिकार्बोनेटची पांढरी, पूर्ण पारदर्शक नंबरची काच अतिनील किरणे जवळपास सगळी शोषून घेते. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल, पण ज्याच्याकडे दुसऱ्या चष्म्यासाठी पैसे नाहीत, त्याने नंबरचा असा चष्मा आणि कडेची टोपी वापरली तरी अतिनील किरणांपासूनची राखण बरीचशी साधते. दिपणे तेवढे उरते. म्हणून गॉगल घेताना ‘४०० नॅनोमीटरपर्यंत अतिनील संरक्षण’ हे शब्द आधी विचारावेत, पोलराइज्डचे नंतर. निळ्या बॅटरीचा झोत कागदावर पाडून ‘ब्लू कट’ काचेची जी करामत दाखवली जाते, तिचा या प्रश्नाशी काही संबंध नाही.

ज्याला दूरचा नंबर आहे, त्याच्यापुढे वाटा अनेक आहेत. सर्वांत चांगली वाट म्हणजे नंबरचीच पोलराइज्ड काच बसवून घेणे. एकाच नंबरची, फक्त दूरची. खर्च जास्त येतो, पण वर्षानुवर्षे पाण्यावर जाणाऱ्याने तो टाळू नये. सिलिंडरचा, म्हणजे तिरपा नंबर असेल तर एक काळजी घ्यावी लागते. अशा काचेत नंबरचा अक्ष आणि चकाकी अडवणाऱ्या पडद्याचा अक्ष असे दोन अक्ष असतात आणि दोन्ही आपापल्या जागी हवेत. काच चौकटीत थोडी जरी फिरली तरी दोन्ही बिघडतात. त्यामुळे हे काम घाईने करून देणाऱ्यापेक्षा चार दिवस मागणारा दुकानदार बरा. नंबर मोठा असेल तर कानापर्यंत वळलेल्या, खेळाडू लावतात तशा चौकटीचा मोह आवरावा. तिच्या वाकड्या काचेत मोठा नंबर बसवला की कडेने सरळ रेषा वाकड्या दिसतात, आणि हलत्या होडीवर त्याने डोके गरगरते. अशांनी कमी वळणाची, पण रुंद दांड्यांची चौकट घ्यावी.

दुसरी वाट स्वस्त आहे आणि ती कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. नंबरच्या चष्म्यावर चिमट्याने बसणारी पोलराइज्ड जोडकाच किंवा संपूर्ण चष्म्यावरून चढवता येणारा मोठा गॉगल, असे दोन प्रकार मिळतात. चढवायच्या गॉगलने बाजूचा प्रकाशही अडतो, म्हणजे वेल असलेल्यासाठी तो नंबरच्या सुबक गॉगलपेक्षाही उजवा ठरू शकतो. तो दिसायला बोजड असतो, हे खरे. चिमट्याची काच हलकी असते, हवी तेव्हा वर उचलता येते, पण वाऱ्यात उडते आणि आतल्या काचेवर चरे पाडते. दोन काचांमध्ये खाऱ्या पाण्याचा तुषार अडकला की दोन्ही पुसल्याशिवाय काही दिसत नाही. तरीही पहिल्यांदा घेणाऱ्याने आधी हाच प्रकार वापरून पाहावा. पोलराइज्ड आपल्या कामाला मानवते की नाही, हे थोड्या पैशांत कळते.

उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमॅटिक काच अनेकांना सगळ्यावरचा तोडगा वाटते. ती सोयीची आहे खरी, पण बहुतेक अशा काचा पोलराइज्ड नसतात आणि कडक उष्ण हवेत त्या थंड प्रदेशातल्याइतक्या गडदही होत नाहीत. चकाकीवर त्यांचा उपयोग मर्यादितच. कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर साधा गॉगल वापरण्याचा सल्ला तरुणांना दिला जातो. पाण्यावर काम करणाऱ्यांनी तो मानू नये. खाडीचे किंवा तळ्याचे पाणी लेन्सखाली गेले तर त्यातून होणारा बुबुळाचा जंतुसंसर्ग दृष्टी घालवण्याइतका वाईट असू शकतो. अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे.

खरी गुंतागुंत सुरू होते चाळिशीनंतर. गळाला गाठ मारायची, जाळ्याचा फाटका डोळा विणायचा, मोबाइलवर हवामानाचा निरोप वाचायचा, तर जवळचा नंबर लागतो. मग माणूस बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेची पोलराइज्ड जोडी मागतो. कागदावर ही कल्पना उत्तम आहे. पाण्यावर मात्र नजर सतत खालीच असते आणि खाली पाहताना ती नेमकी वाचनाच्या भागातून जाते. तिथून पाणी धूसर, होडीची फळी धूसर, खडकावरची पायरीही धूसर. पाय घसरण्याचे हे हमखास कारण आहे. गळ टाकणाऱ्याला बायफोकल हवाच असेल तर त्याचा वाचनाचा तुकडा नेहमीपेक्षा लहान आणि खालच्या कडेला बसवून घ्यावा. चष्मा तपासणाऱ्याला ‘मी पाण्याकडे बघतो’ हे एक वाक्य सांगितले तर त्यालाही ते समजते. न सांगता त्याला कळणे शक्य नाही, कारण त्याच्यासमोर येणारी बहुतेक माणसे वर्तमानपत्र वाचायला चष्मा मागतात. दूरची पोलराइज्ड काच नाकावर आणि वाचनाचा साधा चष्मा दोरीने गळ्यात, ही जुनी पद्धत दिसायला गबाळी असली तरी समुद्रावर ती अजूनही सर्वांत सुरक्षित आहे.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. खोल, उघड्या समुद्रावर राखाडी काच चांगली, कारण तिच्यातून रंग जसेच्या तसे दिसतात. बोटींचे लाल-हिरवे दिवे आणि बोयांचे रंग ओळखायचे असतात, तिथे हे महत्त्वाचे. खाडीच्या गढूळ पाण्यात तपकिरी काचेतून फरक अधिक उठून दिसतात. काळेपणाचे शून्य ते चार असे वर्ग असतात. तिसऱ्या वर्गाची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाला ती पुरते. चौथ्या वर्गाची काच लावून वाहन चालवू नये. बंदरावरून दुचाकीने घरी परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोणताही पोलराइज्ड गॉगल निदान अर्धा प्रकाश खातोच, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला तो काढून ठेवलेलाच बरा. पहाटेच्या कमी उजेडात त्याचा उपयोग नाही, उलट धोकाच.

दुकानात परीक्षा सोपी आहे. काउंटरच्या काचेवर किंवा गाडीच्या टपावर पडलेली चकाकी गॉगलमधून पाहावी आणि गॉगल हळूहळू आडव्याचा उभा करावा. चकाकी कमी-जास्त झाली तर काच पोलराइज्ड, तशीच राहिली तर फक्त काळी. दोन पोलराइज्ड काचा एकमेकींवर ठेवून एक फिरवली तर मधे अंधार होतो, ही दुसरी खूण. होडीवर जीपीएस किंवा मासळी शोधणारे यंत्र असेल तर गॉगल लावून त्याच्या पडद्याकडे पाहूनच सौदा करावा. काही पडदे या काचेतून विशिष्ट कोनात पूर्ण काळे पडतात, आणि भर समुद्रात यंत्र बंद पडल्याचा भास होणे परवडणारे नाही. अतिनील संरक्षणाची परीक्षा मात्र नुसत्या डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी छोटे मोजयंत्र लागते. ते ज्याच्याकडे आहे, त्याच दुकानातून घेणे शहाणपणाचे.

काच पॉलिकार्बोनेटची असावी याला आणखी एक कारण आहे. गळाला लावलेले शिसे किंवा सुटलेला गळ परत उसळून डोळ्यात घुसतो, तेव्हा होणारी इजा क्षणाची असते आणि अंधत्व आयुष्याचे. साधी काच अशा वेळी स्वतःच फुटून डोळ्यात जाते. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. त्यावर चरे लवकर पडतात, हा त्याचा दोष. म्हणून वाळलेले मीठ लुंगीच्या टोकाने पुसू नये. मिठाचे कण कानशीसारखे घासतात. आधी गोड्या पाण्याने धुवावे, मग पुसावे. इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर गॉगल ठेवला तर आतला पडदा सुटून काचेवर फोड येतात.

हे सगळे वाचून प्रश्न उरतो तो पैशांचा. रोजंदारीवर जाणाऱ्या खलाशाने नंबरची पोलराइज्ड जोडी घ्यावी, हे सांगणे सोपे आहे. होडीवर जीवरक्षक जाकिटे ठेवण्याचा खर्च जसा होडीच्या हिशेबात धरला जातो, तसा डोळ्यांच्या या साधनाचाही धरला गेला पाहिजे. सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात वाचनाचे चष्मे मोफत देण्याची सोय आहे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत त्याच शिबिरात दूरचा नंबर, वेल आणि मोतीबिंदू तपासून चष्म्यावर चढवायचा, खात्रीच्या अतिनील संरक्षणाचा गॉगल देणे हे काही आवाक्याबाहेरचे काम नाही. त्यासाठी वेळही ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणली जात असतात आणि एरवी दिवसाउजेडी कधीच घरी न सापडणारा माणूस गावात असतो. शिबिरे मात्र बहुधा हिवाळ्यात भरतात, तेव्हा तो समुद्रावर असतो आणि रांगेत त्याचे आईवडील उभे असतात. जिल्हा रुग्णालयांनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी नेत्रतपासणीच्या तारखा एवढ्या पुढे सरकवल्या, तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात लोटताना तांडेलाच्या नाकावर त्याच्या नंबरची काच असेल.